आत्याच्या हातची मशेरी

मी अलिबागच्या कोर्टात कारकून आहे. तिथे रोज माणसं सूड घ्यायला येतात आणि तारीख घेऊन जातात. कुणाचा बांध सरकवलेला असतो, कुणाचे माड तोडलेले असतात, कुणाला भर लग्नात कानफटवलेलं असतं. चकरा मारमारून त्यांच्या चपला झिजतात, केस पांढरे होतात, पण राग ताजाच राहतो. लोक मला विचारतात, इतकी भांडणं बघून कंटाळा नाही का येत? नाही येत. मला त्या माणसांचा हेवा वाटतो. त्यांना निदान समोरच्याचं नाव कागदावर घालता येतं. माझी आई ज्या बाईमुळे गेली, तिच्यावर कुठलंच कलम लागत नाही. ती माझ्या बापाची सख्खी बहीण, माझी आत्या. आणि तिने जे काही केलं ते सगळं मायेपोटी केलं, हीच तर अडचण आहे.

मी हे रागाने लिहिते आहे. राग निवल्यावर लिहावं असं मला एकाने सुचवलं होतं. त्याची आई जिवंत आहे.

आमची वस्ती मुरूडहून आगरदांड्याला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, खाडीच्या बाजूला. मधोमध विहार, त्याच्यासमोर पार, आणि पाराला लागून आमचं घर. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आली, ती कायमची. माझा बाप जिल्हा परिषदेत शिपाई होता आणि घरात बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हता. तो गेल्यावरही घर आत्याचंच राहिलं. आई शाळेत खिचडी शिजवायची, कमवायची तीच, पण भाजी कुठली करायची हे आत्याला विचारून. आई तिला ‘वन्सं’ म्हणायची आणि ती आईला ‘वयनी’. दोघी एकमेकींवर जीव टाकायच्या, हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं.

आत्याची मशेरी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. ज्यांना मशेरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठलं की बायका बोटावर घेऊन ती दाताहिरड्यांना लावतात आणि उंबऱ्यावर बसून राहतात. मग दुपारी जेवणावर एकदा, चहाच्या आधी एकदा, कुणाशी वाजलं की एकदा. विचारलं तर म्हणणार, दात घासतेय. दिवसातून इतक्यांदा दात घासणारी माणसं जगात दुसरीकडे नसतील.

रविवारी सकाळी आत्या घरामागे तीन दगडांवर तवा ठेवायची. वस्तीतल्या बायका आपापली तंबाखू घेऊन यायच्या. धूर असा उठायचा की समोरच्या घरातलं माणूस ठसकत बाहेर यायचं. आत्याला मात्र ठसका लागायचा नाही. पान कधी उतरवायचं हे ती वासावरून ओळखायची. जरा आधी उतरलं तर मशेरी जीभ भाजते, जरा उशिरा उतरलं तर नुसती राख, असं ती म्हणायची. ‘आत्याच्या हातची मशेरी’ असं बायका एखाद्याच्या हातच्या वड्यांबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

आणि त्याच बायका पौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून विहारात बसायच्या. आईचा आवाज खडा आणि सुरेल, म्हणून वंदना ती सांगायची आणि बाकीच्या मागून म्हणायच्या. पाचव्या शीलाला सगळ्यांचा आवाज चढायचा, कारण नशेपासून लांब राहण्याची शपथ म्हणजे दारूची शपथ, आणि दारू म्हणजे घरातले पुरुष. वस्तीत कुणी पिऊन आला तर याच बायका त्याला चारचौघांत उभा करून सोलायच्या. शील म्हणताना अर्ध्याजणींच्या हिरडीला मशेरी असायची. ती नशा आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. ते तर दातवण. आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कितीतरी गोष्टी टाकल्या, देव टाकले, नवस टाकले, मेलेली ढोरं ओढणं टाकलं. मशेरीची डबी तेवढी कुणाच्या ध्यानातच आली नाही.

माझं लग्न झालं, मी अलिबागला राहायला गेले. शनिवारी कोर्ट सुटलं की एसटी पकडून घरी यायचे. अशाच एका शनिवारी मी कोळंबीचं कालवण केलं आणि आईने ताट बाजूला सारलं. कोळंबी नाकारणारी आई मी कधी बघितली नव्हती.

“तिखट झोंबतंय गं,” ती म्हणाली.

मी तिला दाराशी उजेडात बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. जिभेच्या कडेला, दाढेजवळ, एक पांढुरका चट्टा होता आणि त्याच्या मध्यात फोड फुटल्यासारखी जखम. कधीपासून आहे विचारलं, तर गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद होती तेव्हापासून. म्हणजे दोन महिने सरले होते.

“तोंड आलंय,” आत्या आतून म्हणाली. “उष्णता हाय. मी जाईचा पाला चावायला दिलाय, तुरटीच्या गुळण्या चालू हायत. आनि वर मशेरी दाबून ठेव म्हनलंय. बधीर व्हतंय, मंग दुखत न्हाय.”

एका वाक्यात तिने आईला मारलं, पण हे तेव्हा कळायला आमच्यापैकी कुणी डॉक्टर नव्हतं. मशेरीने खरंच जखम बधिर होते. बधिर झाली की दुखत नाही, दुखत नाही म्हणजे बरी होतेय. ज्या विषाने जखम केली तेच विष आई दिवसभर त्या जखमेवर दाबून ठेवत होती आणि वन्संचा गुण आला असं मला सांगत होती.

मी सोमवारची रजा टाकली आणि आईला अलिबागला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी हातमोजा घालून जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं. फिरवताना त्यांचा चेहरा जसा झाला, तो चेहरा मी कोर्टात निकाल वाचायच्या आधी न्यायाधीशांचा बघितलेला आहे. त्यांनी मला बाहेर बोलावून नीट समजावलं. तोंड आलं तर ते आठ-पंधरा दिवसांत भरतं. दोन आठवड्यांच्या वर जी जखम तशीच राहते, ती उष्णता नव्हे. पांढरा किंवा लाल चट्टा पुसून निघत नाही, कड बोटाला टणक लागते, तिखट सोसत नाही, कारण नसताना कान दुखतो, दात आपोआप हलतो, तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, मानेत गाठ लागते. यातलं एकही असलं तर थांबायचं नाही. आणि सुरुवातीला बऱ्याचदा ते दुखतच नाही, म्हणून माणूस फसतो. “आपण छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू,” त्या म्हणाल्या. “मग काय ते नक्की कळेल.” गुरुवारी सकाळी यायला सांगितलं.

आईला माझ्याकडेच ठेवून घ्यायचं होतं, पण ती म्हणाली, शाळेला सांगायला हवं, कपडे आणायला हवेत. मी तिला एसटीत बसवून दिलं. गुरुवारी कोर्टातून परवानगी काढून मी दवाखान्याच्या दारात उभी राहिले. आई आली नाही. फोन लावला तर बंद. दुपार टळल्यावर शेजारणीचा फोन लागला. ती सहज म्हणाली, “त्या दोघी न्हाईत घरात. फेरीनं दिघीला गेल्यात.”

खाडीपलीकडे कुणी झाडपाल्यावाला होता. आत्याला त्याचा पत्ता तिच्यासारख्याच कुणीतरी दिला होता. संध्याकाळच्या एसटीने मी घरी पोचले तेव्हा आईच्या तोंडात हिरवा लगदा भरलेला होता आणि आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“तुकडा काढायला मी देनार न्हाय,” आत्या मला म्हणाली. “असल्या जखमेला लोखंड लागलं की ती चवताळते. मंग अंगभर पसरते. आजवर किती मानसं बघितली मी. डॉक्टरनं कापलं आनि मानूस गेला.”

मी भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. माणसं दवाखान्यात शेवटी जातात, म्हणून कापल्यावर मरतात, हेही सांगितलं. आत्याने पदर डोळ्याला लावला. मग आई त्या लगद्यातून कशीबशी म्हणाली, “वन्सं वाईट सांगनार हायत का मला?”

मी दर शनिवारी जाऊन तेच भांडण भांडत राहिले. आत्या दर शनिवारी रडत राहिली. अख्खी वस्ती तिच्या बाजूने. शिकलेली पोरगी आईला कापायला नेतेय, असं पारावर बोललं जायचं. आईच्या मानेत गाठ दिसायला लागली तेव्हा झाडपाल्यावाल्याने हात वर केले, आणि मग आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, “आता तूच ने.” जणू काही ती माझ्या ओटीत भेट घालत होती.

मुंबईच्या दवाखान्यात आईचा अर्धा जबडा आणि अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागली. छातीचं कातडं घेऊन गालाला लावलं. जिच्या मागून सगळी वस्ती वंदना म्हणायची, तिला पाणी मागता येईना. ती घशातून आवाज काढायची आणि मी अंदाज करायचे. पाणी? उशी? खिडकी? चुकलं की ती डोळे मिटून घ्यायची. पेज नळीतून जायची. घरी आल्यावर पौर्णिमेला ती हट्टाने विहारात गेली आणि भिंतीला टेकून बसली. वंदना दुसऱ्या कुणीतरी सांगितली. आई नुसते ओठ हलवत होती, तेही एकाच बाजूचे.

पुढच्या थंडीत ती गेली. सगळी जमली होती, विहारापासून रस्त्यापर्यंत माणसं. आत्या छाती पिटून रडत होती आणि लोक तिलाच धरून सांत्वन करत होते. आणि त्या रडण्यातच ती मोठ्याने म्हणाली, “लोखंड लावलं म्हनून गेली. मी सांगत व्हते. कुनी ऐकलं न्हाय माझं.”

बायकांनी माना डोलावल्या. माझ्याकडे बघून डोलावल्या.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. त्या क्षणी माझं रडू थांबलं ते आजतागायत परत आलेलं नाही. आईच्या प्रेताशेजारी बसून मी ठरवलं की हिचे उट्टे काढायचे. कसे ते माहीत नव्हतं. पण हे वाक्य मी तिच्या घशात परत घालणार होते.

आधी मी फालतू गोष्टी केल्या. एका रविवारी तिचा तवा उचलला, रिक्षात घातला आणि आगरदांड्याच्या जेट्टीवरून खाडीत टाकून दिला. फेरीला थांबलेल्या गाड्यांतले पर्यटक बघत राहिले. एकाने फोन काढून माझा व्हिडिओ घेतला. पुढच्या रविवारी आत्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर मशेरी भाजत होती. उलट, झाकणावर जास्त खमंग होते असं बायका म्हणायला लागल्या.

मग मी वेगळ्या बाजूने शिरले. मुंबईच्या दवाखान्यात, आईचा नंबर लागायची वाट बघत बसले असताना, एका सिस्टरने आम्हा नातेवाइकांना आपलं तोंड आपण कसं बघायचं ते शिकवलं होतं. उजेडाकडे तोंड करून बसायचं. ओठ उलटे करून आतून बघायचे, मग दोन्ही गाल, मग हिरड्या. जीभ स्वच्छ फडक्यात धरून एका कडेला ओढायची, मग दुसऱ्या कडेला. जीभ टाळ्याला लावून खालची जागा बघायची. शेवटी मान चाचपायची. मी फोनचा दिवा घेऊन वस्तीत घरोघरी तोंडं बघायला लागले. कुणाला वाटलं मी समाजसेवा करतेय. मला त्या बायका आत्याच्या हातातून काढून घ्यायच्या होत्या, एकेक करून, बास. पहिल्यांदा त्या लाजल्या, हसल्या, पण आई गेल्याची भीती पोटात होतीच. काहींच्या हिरड्यांवर पांढरे चट्टे निघाले. त्यांना मी अक्षरशः हाताला धरून अलिबागला नेलं. त्या परत आल्या त्या मशेरी सोडून, निदान माझ्यासमोर तरी. रविवारी झाकणाभोवती गर्दी कमी झाली आणि मला बरं वाटलं.

फक्त एक तोंड बंद होतं. “माझं तोंड मेल्यावर बघ,” आत्या म्हणायची. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, पण तिचं नाक दाबायचं कुठून तेच मला सापडत नव्हतं.

आईच्या पहिल्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला मी वालाचं बिरडं केलं होतं. आत्याची जेवायची पद्धत मला लहानपणापासून पाठ आहे. बिरड्याबरोबर तिला हिरवी मिरची कच्ची लागते, नुसती मीठ लावून. त्या दिवशी तिने मिरचीला हात लावला नाही. बिरड्यातली डाळ बाजूला सारली आणि भातावर ताक ओतून घेतलं. घास डाव्या गालात ठेवून हळूहळू चावत होती. मध्येच तिने उजव्या कानावर तळहात दाबला, सहज, डास बसल्यासारखा.

मी वाढता वाढता थांबले. मला आनंद झाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा वेळी काळजात धस्स झालं असं लिहायची रीत आहे. मला धस्स झालं नाही. मनात आलं, करावे तसे भरावे. मी तिच्या ताटात आणखी एक मिरची ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत्या येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. तिने उन्हाकडे तोंड केलं आणि उघडलं.

मी हात धुतले, पर्समधला हातमोजा काढला आणि दिवा लावला. उजव्या गालाच्या आत, मागच्या दाढेसमोर, खरबरीत पांढरा चट्टा, त्यात लाल ठिपके, आणि मध्ये नखाएवढी जखम. कडेवरून बोट फिरवलं. टणक होती. मान चाचपली. मानेत काही लागलं नाही.

“उष्णता हाय ना गो?” तिने विचारलं.

तिला माझ्याकडून ‘व्हय’ ऐकायचं होतं. तिचे डोळे अगदी लहान पोराच्या डोळ्यांसारखे माझ्यावर लागले होते. आणि माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. उष्णता हाय आत्या, तोंड आलंय, वर मशेरी दाबून ठेव, बधीर व्हईल. तिचं वाक्य, शब्द न शब्द तिचं, तिलाच परत. माझ्यावरही कुठलं कलम लागलं नसतं. मी तर कारकून, मला काय कळतं तोंडातलं! दोन-चार महिने गप्प बसले असते की झालं असतं. सुंठीवाचून खोकला गेला असता.

मी गप्प बसले नाही, त्याला दयामाया कारण नव्हती. मी तिथल्या तिथे हिशोब केला. आत्या अशीच मेली तर वस्ती काय म्हणेल? म्हातारी होती, वेळ आली होती, वयनीमागे गेली. आणि मरताना ती स्वतः काय समजेल? की आपण लोखंड लावून घेतलं नाही, आपण शेवटपर्यंत बरोबर होतो. तिला तसं सुखाने मरू द्यायची माझी तयारी नव्हती. आपण चुकलो हे तिला कळायला हवं होतं, आणि ते कळायला माणूस जिवंत लागतो.

“लुगडं बदल,” मी म्हणाले. “अलिबागला जायचंय. तुकडा काढायचा.”

“लोखंड लागलं की चवताळतंय ते.”

“चवताळू दे. ऊठ.”

ती उठली. का उठली ते मला माहीत नाही. कदाचित माझ्या आवाजाला घाबरली असेल. तिची मशेरीची डबी मी तिच्या कनवटीतून काढून चुलीत घातली. एसटीत मी तिला खिडकीशी बसवलं आणि तिचं मनगट अलिबाग येईपर्यंत सोडलं नाही. पोलीस आरोपीला कोर्टात आणतात तेव्हा असंच धरून आणतात.

डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढला. आत्याला वाटलं होतं आता फडशा पडणार, पण एक टाका पडला आणि तिला बाकावर बसवून बर्फाचं पाणी प्यायला दिलं. निकाल आला तो कॅन्सरचाच. मी तिला माझ्या घरी डांबून ठेवलं. मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं. चट्टा, त्याच्या भोवतीचा थोडा गाल आणि मानेतल्या काही ग्रंथी खबरदारी म्हणून काढल्या. जबडा जागेवर राहिला. जीभ जागेवर राहिली.

घरी आणल्यावर मी तिची शुश्रूषा केली, तीही सूड उगवावा तशी. आईला द्यायचे तशीच पेज दिली, तेवढीच पातळ, मीठ तेवढंच कमी. ती तोंड वाकडं करायची. मी म्हणायचे, आई हेच प्यायची. ती मशेरीसाठी कासावीस व्हायची, बोट आपसूक हिरडीकडे जायचं, चिडचिड करायची, भिंतीला शिव्या द्यायची. जित्याची खोड. मी समोर खुर्ची टाकून बसायचे. शेजारपाजारचे म्हणायचे, भाची असावी तर अशी. माझा नवरा मात्र गप्प असायचा. त्याला दिसत होतं.

हळूहळू ती मऊ भात खायला लागली, मग भाकरीचा पापुद्रा दुधात बुडवून. आणि बोलायला लागली. बोबडं नाही, अडखळत नाही, पूर्वीसारखं खणखणीत. सकाळपासून बोलायची. भाजीवाल्याशी, कावळ्याशी, टीव्हीतल्या बायकांशी. स्वयंपाकघरात उभी राहून मी तो आवाज ऐकायचे आणि पोळी करपायची.

मग तपासणीचा दिवस आला. आम्ही रो-रो बोटीने मुंबईला गेलो. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. त्यांनी तिच्या गालात दिवा टाकून सगळीकडे बघितलं, मान चाचपली, आणि खुर्ची मागे घेत म्हणाले, “छान भरलंय. आजी, तुम्ही वेळेवर आलात. अजून काही महिने काढले असते तर जबडा आणि जीभ वाचवता आली नसती. आता दर तपासणीला यायचं आणि तंबाखूकडे बघायचं नाही. बाकी तुम्ही मजेत राहा.”

मी आत्याकडे बघत होते. डॉक्टरांचं बोलणं संपेपर्यंत ती हसत होती. नंतर ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्या हसण्यामागचे डोळे बदलले.

बाहेर आल्यावर ती काही बोलली नाही. धक्क्यावर बोटीच्या रांगेतही नाही. दिवसभर कावळ्याशी बोलणारी बाई. बोट सुटली, मी दोघींना चहा आणला, तिने कप मांडीवर धरून ठेवला. आजूबाजूला आठवड्याच्या सुट्टीसाठी किहीमला आपल्या बंगल्यांवर निघालेली मंडळी कुत्र्यांसकट हसत-खिदळत होती. ती समुद्राकडे बघतच म्हणाली,

“म्हंजे वयनीला पयल्या गुरुवारी नेलं असतं तर...”

पुढे ती थांबली. उरलेलं वाक्य मी तिला म्हणायला लावणार होते, म्हणून गप्प राहिले.

“तर वयनी बी बोलली असती?”

खरं तर असं छातीठोक कुठलाच डॉक्टर सांगत नाही. जीभ वेगळी, गाल वेगळा, प्रत्येकाची गाठ वेगळी. आईची तेव्हाच खोलवर गेलेली असू शकते, हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि ते मी विसरलेले नव्हते. एवढं आत्याला सांगितलं असतं तर तिला त्यावर टेकता आलं असतं. म्हातारी होती, नुकतीच मरणातून उठली होती.

“व्हय आत्या,” मी म्हणाले. “बोलली असती.”

तिचा चहा मांडीवर सांडला. मी पुसला नाही.